पाठ १७ : कारभार सोपवताना

प्रस्तावना

नोकरी करणाऱ्या माणसाच्या निवृत्तीचा दिवस आधीच ठरलेला असतो. त्या दिवशी कार्यालयात निरोपसमारंभ होतो, नारळ आणि शाल दिली जाते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसतो. शेतकऱ्याच्या जीवनात असा दिवस येत नाही. सत्तरीतले आजोबा पहाटे उठून बांधावर जातात, पाण्याची पाळी सांभाळतात, बी-बियाणांचा हिशेब ठेवतात. पन्नाशीला आलेला मुलगा मात्र 'आबांना विचारून सांगतो' असे म्हणत राहतो. मग एके दिवशी आजोबा अंथरुणाला खिळतात आणि घरात असे प्रश्न उभे राहतात की, ज्यांची उत्तरे ठाऊक असणारा एकमेव माणूस आता बोलू शकत नाही.

तुमच्यापैकी अनेकजण शेतकरी कुटुंबांतले असतील. हा प्रश्न तुमच्याही घरी आज ना उद्या येणार आहे. म्हणून या पाठात आपण शेतीचा कारभार एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा सोपवावा, याचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर तुम्हांला
- वारशाची व्यवस्था वेळीच न केल्यास काय घडते, हे इतिहासातील उदाहरणांवरून सांगता येईल;
- शेतकरी निवृत्त होण्यास का कचरतो, याची कारणे स्पष्ट करता येतील;
- वारसाहक्काविषयीच्या मुख्य कायद्यांची ओळख होईल;
- आपल्या कुटुंबासाठी निवृत्तीची आणि वारशाची साधी योजना तयार करता येईल.

मूळ पाठ

१. पाच नद्यांचे गाव

तमिळनाडूतील तंजावर शहराच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी तिरुवैयारु हे गाव आहे. 'तिरु' म्हणजे श्री, 'ऐ' म्हणजे पाच आणि 'आरु' म्हणजे नदी. कावेरी, कुडमुरुट्टी, वेण्णार, वेट्टार आणि वडवार या पाच प्रवाहांच्या परिसरातले म्हणून ते पंचनद क्षेत्र. संतकवी आणि संगीतकार त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी येथेच आहे आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी देशभरातले गायक-वादक येथे जमतात.

गाव संगीतासाठी प्रसिद्ध असले, तरी त्याचे पोट भाताच्या शेतीवर भरते. प्रथेप्रमाणे दरवर्षी १२ जूनला मेट्टूर धरणातून कावेरीत पाणी सोडायचे असते. त्या पाण्यावर कुरुवै, सांबा आणि तालडी अशी भाताची पिके घेतली जातात. पावसाने किंवा शेजारच्या राज्यातल्या पाणीसाठ्याने दगा दिला, तर हा दिवस पुढे जातो आणि सारे वेळापत्रक कोलमडते. कोणत्या पाटाला पाणी आधी येते, कोणते वावर चिबडते, कोणत्या वर्षी कुरुवै सोडून थेट सांबाच लावावे, हे ज्ञान पुस्तकात नसते. ते वडीलधाऱ्यांच्या डोक्यात असते.

या भागात जमीन मोजण्याची जुनी परिमाणे 'वेली' आणि 'मा' ही आहेत. वीस मा म्हणजे एक वेली. म्हणजे सुमारे पावणेसात एकर. जमीनमालकाला येथे 'मिरासदार' म्हणत. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. महाराष्ट्रातही तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. 'मिरास' या शब्दाचा मूळ अर्थच 'वारसा' असा आहे. जमीन धारण करणे आणि ती वारशाने चालवणे या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच शब्दात बांधल्या होत्या.

२. कोळ्ळिडमच्या तीरावरची वाटणी

तंजावर आणि मराठी माणूस यांचा संबंध साडेतीनशे वर्षांचा आहे. शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजीराजे (एकोजी) यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावरला भोसले घराण्याची गादी स्थापन केली. ती १८५५ पर्यंत टिकली. त्या काळात तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तंजावर जिल्ह्यात राहतात. घरात तंजावुरी मराठी आणि बाहेर तमिळ बोलतात.

या घराण्याच्या आरंभीच वारशाचा एक मोठा प्रसंग घडला. शहाजीराजे १६६४ मध्ये शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून अकस्मात निधन पावले. त्यांची कर्नाटकातील जहागीर व्यंकोजीराजांच्या ताब्यात राहिली. दोघाही भावांना मान्य होईल अशी वाटणी झालेली नव्हती. तेरा वर्षांनी, १६७७ च्या जुलै महिन्यात, दक्षिणदिग्विजयाच्या मोहिमेवर असलेल्या शिवाजी महाराजांनी कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडी येथे मुक्काम केला. हे ठिकाण तिरुवैयारूपासून दूर नाही. तेथे दोघे भाऊ भेटले. महाराजांनी वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. व्यंकोजीराजांनी काही दिवस पाहुणचार घेतला आणि एका रात्री न सांगता नदी ओलांडून ते तंजावरला निघून गेले.

पुढे त्याच वर्षी दोघांच्या फौजांमध्ये वालगोंडापुरमजवळ लढाई झाली. एकाच बापाच्या दौलतीसाठी दोन्हीकडची मराठी माणसे पडली. अखेर रघुनाथपंत हणमंते यांची मध्यस्थी आणि व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा समंजसपणा यांमुळे तह झाला. तंजावर व्यंकोजीराजांकडे राहिले. बंगळूर व आसपासचा मुलूख महाराजांनी दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिल्याचे सांगितले जाते.

येथे कोणता भाऊ बरोबर आणि कोणता चूक, हे ठरवण्याचा आपला हेतू नाही. आपल्याला एवढेच पाहायचे आहे की, तेरा वर्षे न बोललेली गोष्ट अखेर रणांगणावर बोलावी लागली. आणि ती मिटली ती घरातल्या एका स्त्रीच्या शहाणपणामुळे व दोन्ही पक्षांना जवळच्या अशा एका जाणत्या माणसामुळे.

३. दोघांचे भांडण

तंजावरच्या गादीवर असा प्रसंग पुन्हा आला. १७८७ मध्ये तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी सरफोजी या मुलाला दत्तक घेतले. हे दत्तकविधान शास्त्रसंमत नाही असा आक्षेप निघाला आणि तुळजाराजांचे सावत्र भाऊ अमरसिंह गादीवर बसले. हा वाद अकरा वर्षे चालला. १७९८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने निर्णय फिरवून सरफोजींना गादी दिली. पण लगेच १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. राजाकडे किल्ला, पदवी आणि ठरावीक रक्कम एवढेच उरले. 'दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ' ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

सरफोजीराजे विद्याव्यासंगी होते. सरस्वती महाल ग्रंथालयाची भरभराट त्यांनीच केली. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा वृत्तान्त त्यांनी १८०३ मध्ये मराठीत कोरून घेतला. परंतु दगडावर कोरलेला वंश गादी राखू शकला नाही. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुरुष वारसावाचून निवर्तले आणि कंपनीने ते नामधारी राज्यही खालसा केले. मुली होत्या, राण्या होत्या. पण त्यांना वारस मानायला कंपनी तयार नव्हती. वारशाच्या विचारातून मुलींना वगळण्याची किंमत पुढेही असंख्य घरांनी मोजली आहे.

पाठगत प्रश्न – १

(अ) 'मिरास' या शब्दाचा मूळ अर्थ कोणता?
(आ) तिरुमळवाडी येथे कोणाची भेट झाली? ती कशासाठी होती?
(इ) १७९९ च्या तहाने तंजावरच्या राजाकडे काय उरले?

४. शेतकरी निवृत्त का होत नाही?

राज्याची गोष्ट मोठी, शेताची लहान. पण माणसाचे मन दोन्हीकडे सारखेच असते. शेतकरी कारभार सोडण्यास कचरतो, त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

पहिले कारण उत्पन्नाचे. सरकारी नोकराला निवृत्तिवेतन मिळते; शेतकऱ्याचे निवृत्तिवेतन म्हणजे त्याची जमीन. ती दुसऱ्याच्या नावे केली, तर औषधाला पैसे मागावे लागतील ही भीती खोटी नाही. दुसरे कारण प्रतिष्ठेचे. ज्याच्या नावावर जमीन, त्याचा शब्द घरात चालतो. तिसरे कारण मुलांविषयीच्या शंकेचे. एक मुलगा शहरात, दुसरा शेतात, मुलगी सासरी; कोणालाही काही दिले, तरी दुसरा दुखावणार. म्हणून विषयच न काढणे सोपे वाटते. चौथे कारण सर्वांत खोल आहे. वाटणीविषयी बोलणे म्हणजे स्वतःच्या मृत्यूविषयी बोलणे आहे, आणि आपल्याकडे ते अशुभ मानतात.

इकडे जमीन मात्र लहान होत चालली आहे. कृषिगणनेनुसार भारतातील शेतीच्या वहितीखालील खात्याचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टर झाले. महाराष्ट्रात ते ४.२८ हेक्टरांवरून १.३४ हेक्टरांवर आणि तमिळनाडूत १.४५ हेक्टरांवरून ०.७५ हेक्टरांवर आले. प्रत्येक पिढीत केवळ वाटण्या करत राहिल्यास पुढच्या पिढीला वाटण्यासारखे काही उरणार नाही.

५. एक उदाहरण

कल्पना करा की, तिरुवैयारूजवळ एका मराठी कुटुंबाची बारा मा, म्हणजे सुमारे चार एकर भातशेती आहे. वडील सदुसष्ट वर्षांचे आहेत. त्यांना 'अप्पा' म्हणू. थोरला मुलगा चेन्नईला नोकरी करतो. मुलगी कुंभकोणमला सासरी आहे. धाकटा मुलगा पंधरा वर्षांपासून अप्पांबरोबर शेती करतो. त्याला पगार नाही, त्याच्या नावावर जमीन नाही. त्यामुळे बँकेत स्वतःच्या नावे पीककर्ज मिळवणे त्याला अवघड जाते.

अप्पांनी काहीच न ठरवता डोळे मिटले, तर काय होईल? शेत तिघांत वाटायचे ठरले, तर प्रत्येकाला चार मा, म्हणजे सव्वा ते दीड एकर मिळेल. तिघांनाही दोन-दोन अपत्ये असतील, तर पुढच्या पिढीत प्रत्येकाकडे दोन मा, म्हणजे जेमतेम सत्तावीस गुंठे. त्यावर संसार चालणार नाही. थोरला आपला वाटा विकायला काढेल. धाकट्याकडे तो घ्यायला पैसे नसतील. आणि ज्याने पंधरा वर्षे चिखल तुडवला, त्याच्या श्रमांचा हिशेब कोणत्याही कागदावर नसेल.

आता दुसरी बाजू पाहा. अप्पांनी सारे शेत धाकट्याला देऊन टाकले, तर? मुलीचा हक्क बुडेल. थोरल्याने नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाठवलेल्या पैशांतून विहिरीवर मोटार बसवली होती, तेही विसरले जाईल. शिवाय सारे काही धाकट्याच्या नावे झाल्यावर त्याने आईवडिलांकडे पाठ फिरवली, तर त्यांनी जावे कोठे?

समान वाटणी आणि न्याय्य वाटणी या नेहमी एकच गोष्टी नसतात. यांतला फरक घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, मोठ्याने बोलूनच ठरवता येतो. तो फरक कायद्याची चौकट ओळखून ठरवला, तरच टिकतो.

६. कायदा काय सांगतो?

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई हे पहिल्या वर्गातील वारस म्हणून समान वाट्याचे हक्कदार असतात. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र पूर्वी मुलींना जन्मतः हक्क नव्हता. तमिळनाडूने १९८९ मध्ये आणि महाराष्ट्राने १९९४ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून तो दिला. परंतु त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या गेल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय दुरुस्तीने देशभरातील मुलींना मुलांइतकाच हक्क मिळाला. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

स्वकष्टार्जित मालमत्तेची विल्हेवाट मालक मृत्युपत्राने आपल्या इच्छेप्रमाणे लावू शकतो. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. नोंदणी सक्तीची नसली, तरी केलेली बरी. मृत्युपत्र हयातीत कितीही वेळा बदलता येते. जमिनीचे बक्षीसपत्र मात्र नोंदवावेच लागते आणि एकदा केल्यावर ते सहजासहजी मागे घेता येत नाही. म्हणून आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ प्रत्येक वृद्ध शेतकऱ्याला ठाऊक असावे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन मुलाने सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. ही अट दस्तातच स्पष्ट शब्दांत लिहिणे शहाणपणाचे असते.

आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत आहे. बहिणीने समजून-उमजून, स्वेच्छेने हक्क सोडला, तर तो तिचा मोठेपणा आहे. माहेर तुटेल या भीतीने ती सही करत असेल, तर तो मोठेपणा नव्हे, तो अन्याय आहे. घरातल्या गृहिणीचे नावही कागदावर असावे. १९९० च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमातून पत्नीच्या नावे जमीन करण्याचे आवाहन केले, ते याच जाणिवेतून.

पाठगत प्रश्न – २

(अ) शेतकरी निवृत्त होण्यास कचरतो, याची कोणतीही दोन कारणे लिहा.
(आ) मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत मुख्य फरक कोणता?
(इ) २००७ च्या कायद्यातील कलम २३ कोणाच्या उपयोगाचे आहे?

७. योजना कशी आखावी?

*पहिली पायरी : कागद गोळा करणे.* महाराष्ट्रात सातबारा, आठ-अ आणि फेरफार. तमिळनाडूत पट्टा, चिट्टा आणि अडंगल. आजोबांच्या नावाच्या नोंदी अजून तशाच असतील, तर आधी वारसनोंद करून घ्यावी. कर्जे, दागिने, विमा, बँकखाती यांची यादी एका वहीत लिहावी. ही वही कोठे आहे, हे पत्नीला आणि मुलांना ठाऊक असावे.

*दुसरी पायरी : वृद्धापकाळाची तरतूद.* मुलांचे वाटे ठरवण्यापूर्वी आईवडिलांचा वाटा ठरला पाहिजे. राहते घर आणि थोडी जमीन हयातभर स्वतःकडे ठेवावी. जर्मनी व ऑस्ट्रियात अशी जुनी पद्धत आहे की, शेत मुलाला देताना म्हाताऱ्या आईवडिलांची खोली, धान्य, दूध, सरपण हे सारे करारात लिहायचे. त्यात प्रेमाचा अभाव नाही. प्रेमाला कागदाचा आधार आहे. तरुण शेतकऱ्यांनी निवृत्तीचा विचार आजच करावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान मानधन योजनेत दोन हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्या, १८ ते ४० वर्षे वयाच्या शेतकऱ्याने वयाप्रमाणे दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे असतात. तेवढीच रक्कम केंद्र सरकार भरते आणि साठीनंतर दरमहा ३,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. चाळिशी उलटलेल्याला या योजनेत प्रवेश नाही. 'पुढे पाहू' म्हणण्याची किंमत येथे आकड्यांत दिसते.

*तिसरी पायरी : कुटुंबाची बैठक.* तीत मुलींना आणि सुनांनाही बोलवावे. शेती कोणाला करायची आहे, कोणाला नाही, हे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. जपानमध्ये १९९५ पासून शेतकरी कुटुंबांनी कामाची वाटणी, मोबदला आणि पुढचा कारभार यांविषयी लेखी 'कुटुंब करार' करावेत, यासाठी सरकार प्रोत्साहन देत आले आहे. आपणही असे टिपण करू शकतो.

*चौथी पायरी : मालकी आणि वहिवाट वेगळी करणे.* आपल्या उदाहरणात तिघा भावंडांचे हक्क कायम ठेवून सारे शेत धाकट्याने एकत्र कसावे आणि इतर दोघांना ठरलेला हिस्सा द्यावा, असे ठरवता येईल. किंवा त्याने त्यांचे वाटे दहा-बारा वर्षांत हप्त्यांनी विकत घ्यावेत. किंमत ठरवताना त्याच्या पंधरा वर्षांच्या श्रमांचे मोल वजा करावे. जे ठरेल ते जाणत्या वकिलाकडून तपासून, योग्य दस्त करून नोंदवावे.

*पाचवी पायरी : कारभार हळूहळू सोपवणे.* पहिल्या वर्षी बियाणे-खतांची खरेदी, दुसऱ्या वर्षी मजुरी आणि विक्री, तिसऱ्या वर्षी बँकेचे व्यवहार. मुलगा चुकेल, एखाद्या हंगामात तोटाही होईल. पण अप्पा जवळ असताना झालेली चूक स्वस्त पडते. त्यांच्या पश्चात झालेली चूक शेत घेऊन जाते.

८. समारोप

व्यंकोजीराजांच्या जीवनातला एक शेवटचा प्रसंग पाहू. तहानंतर ते खिन्न झाले, कारभारातून त्यांचे मन उडाले. ही वार्ता कळताच शिवाजी महाराजांनी त्यांना पत्र लिहून वैराग्य बाजूला ठेवण्यास आणि कर्तृत्वाकडे वळण्यास सांगितले. ज्या भावाशी लढाई झाली, त्याचीच ही काळजी होती.

विरक्ती आणि निवृत्ती यांत हाच भेद आहे. विरक्त माणूस पाठ फिरवतो. निवृत्त माणूस बाजूला होतो आणि तोंड मात्र शेताकडेच ठेवतो. आपल्या परंपरेतील वानप्रस्थाचा अर्थही असाच घेता येईल. किल्ल्या पुढच्या पिढीच्या हाती द्याव्यात आणि विचारले तर सल्ला द्यावा. कावेरी तिरुवैयारूपाशी पाच वाटांनी जाते. पाणी वाटले गेले, म्हणून तेथली जमीन सुकली नाही. कारण ते कोठून कोठे जायचे, हे पाटबंधाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. घरच्या दौलतीचेही तसेच आहे. हातपाय धड असतानाच पाट खोदून ठेवावेत.

तुम्ही काय शिकलात?

- वारशाचा विषय टाळल्याने तो मिटत नाही. तो अधिक कठीण होतो.
- शेतकऱ्याची भीती समजून घेऊन आधी त्याच्या वृद्धापकाळाची तरतूद करावी लागते.
- मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे.
- मालकी वाटली, तरी शेत एकत्र कसता येते.
- कारभार टप्प्याटप्प्याने सोपवावा आणि ठरलेले लेखी असावे.

शब्दार्थ

चिबडणे – पाणी साचून जमीन नापीक होणे. चोळीबांगडी – स्त्रीच्या खाजगी खर्चासाठी दिलेले उत्पन्न. खालसा करणे – राज्य किंवा जमीन सरकारजमा करणे. वहिवाट – प्रत्यक्ष कसणूक व उपभोग. हक्कसोडपत्र – मालमत्तेतील आपला हक्क सोडल्याचा लेख.

स्वाध्याय

१. 'समान वाटणी आणि न्याय्य वाटणी या नेहमी एकच गोष्टी नसतात.' पाठातील उदाहरणाच्या आधारे या विधानाचे स्पष्टीकरण करा.
२. तंजावरच्या इतिहासातील दोन प्रसंगांवरून आजच्या शेतकरी कुटुंबाने कोणता बोध घ्यावा?
३. अप्पांच्या मुलीच्या भूमिकेतून धाकट्या भावाला एक पत्र लिहा.
४. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या शेतकऱ्याशी बोला. त्यांच्या डोक्यात असलेले, पण कोठेही न लिहिलेले शेतीविषयक ज्ञान दहा वाक्यांत नोंदवा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) वारसा. (आ) शिवाजी महाराज व व्यंकोजीराजे यांची. वडिलांच्या दौलतीतील वाट्यासाठी. (इ) किल्ला, पदवी आणि ठरावीक रक्कम.

२. (अ) उत्पन्न बंद होण्याची भीती, प्रतिष्ठा कमी होण्याची भीती, मुले दुखावतील ही शंका, मृत्यूविषयी बोलण्याचा संकोच – यांपैकी कोणतीही दोन. (आ) मृत्युपत्र हयातीत बदलता येते व मृत्यूनंतर अमलात येते; बक्षीसपत्र नोंदवावे लागते व सहज मागे घेता येत नाही. (इ) सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिलेल्या वृद्ध आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या.